कोठाराच्या रंगाची पाखरं

एकेक कार्ड चिकटवून पुरं झालं की आर्डिस ते दोन्ही तळव्यांमध्ये धरायची आणि मनातल्या मनात म्हणायची, ‘देवा, हे ज्याच्या हाती पडेल त्याच्या पाठीशी उभा राहा.’ एवढंच. मग पुढचं कार्ड. नवरा गेल्यापासूनचा हा नेम तिने कधी मोडला नव्हता आणि कुणाला सांगितलाही नव्हता. ओल्स्टाडसारख्या, नॉर्वेहून आलेल्या लोकांनी अमेरिकेच्या थंड उत्तरेत वसवलेल्या गावात देवाबद्दलचं बोलणं रविवारी चर्चमध्ये व्हायचं. इतर दिवशी लोक हवेबद्दल बोलत.

दर मंगळवारी बायका चर्चच्या तळघरात जमायच्या. पानगळ सरत आली की गोधड्यांचं काम बाजूला पडायचं आणि नाताळच्या कार्डांचं काम निघायचं. नवंकोरं, गुळगुळीत कार्ड इथे कुणाला नको असे. पणजीच्या पेटीतून आत्ताच निघालं असं वाटणारं हवं: कडा पिवळसर, एखादा कोपरा मुडपलेला, चित्रातल्या बर्फावर अभ्रकाची चमक. त्यासाठी जुन्या चित्राच्या रंगीत प्रती जाड कागदावर काढायच्या, त्या कॉफीत बुडवायच्या, मंद ओव्हनमध्ये वाळवायच्या, कडा पॉलिश पेपरने घासायच्या, तपकिरी शाईचा बोळा फिरवायचा आणि मग चित्र तेवढं कात्रीने कापून, लेस लावलेल्या दुमडी कार्डावर डकवायचं. कॉफीही चर्चचीच लागे, अख्खं अंडं फोडून घातलेली आणि उकळलेली. अंड्याबरोबर गाळ तळाशी बसतो आणि वर मधासारखं निवळ पाणी राहतं. त्यात कागद बुडवला की डाग पडत नाहीत. सगळीकडून सारखं वय येतं.

या कामात आर्डिसचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असणं वेगळं आणि त्याची गोडी लागणं वेगळं. त्या वर्षी तिला गोडी लागली होती.

शेजारची व्हर्डेल या मंगळवारांना कधी फिरकली नाही. दोघी शाळेत एका बाकावर बसलेल्या, दोघींची लग्नं एकाच उन्हाळ्यात झालेली, आणि आता दोघीही एकट्या. एकीच्या स्वयंपाकघराच्या दारातून दुसरी दिवसातून एकदा तरी आत यायचीच. पण कार्डांचं नाव काढलं की व्हर्डेल नाक उडवायची. म्हणायची, “नव्याला जुनं कशाला करत बसता? जुनं व्हायला आपण काय कमी आहोत?”

तिच्याकडे मात्र खरंखुरं जुनं असं एक कार्ड होतं. तिच्या आईने, बोर्गहिल्डने, ते हाताने रंगवलं होतं. व्हर्डेल लहान असताना एका हिवाळ्यात घरात पीठ आणि बटाटे सोडून काही उरलं नव्हतं. दुकानातलं कार्ड आणायचा प्रश्नच नव्हता. तेव्हा बोर्गहिल्डने पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर ओट्सची पेंढी काढली. नाताळात पाखरांसाठी उंच काठीला बांधून अंगणात उभी करतात तशी. तिच्यावर लाल छातीची तीन पाखरं, खाली बर्फ, आणि बर्फाच्या काठाला बारीक अक्षरांत स्वतःचं नाव. बोर्गहिल्ड गावची शाळा झाडायची. तोंडावर हसू म्हणून कधी नाही. पोरं तिला पाठीमागे दगडीबाई म्हणायची. तिच्या हातून आयुष्यात निघालेली शोभेची वस्तू ही एवढीच. नाताळच्या आधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या, ॲडव्हेंटच्या रविवारी व्हर्डेल ते कार्ड स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायची आणि जानेवारीत, कनूटच्या दिवशी नाताळ घराबाहेर झाडून काढतात तेव्हा मेणकागदात गुंडाळून पुन्हा आत ठेवायची.

आर्डिसने त्या वर्षी ते मागितलं. चर्चच्या बाजारासाठी प्रती काढते म्हणाली. व्हर्डेलने बरेच आढेवेढे घेतले आणि शेवटी, पहिल्या रविवारच्या आत परत आलं पाहिजे, असं बजावून दिलं.

आर्डिसने जीव ओतून काम केलं. जुनं शेजारी ठेवल्याशिवाय नव्याला जुनेपण देता येत नाही, म्हणून मूळ कार्ड तिने टेबलावरच ठेवलं होतं. एकदा बुडवून रंग फिका वाटला, तिने पुन्हा बुडवलं. कागद तर तिने बोटांनी चाचपून, त्याच जाडीचा निवडून आणला होता. एका मंगळवारी दुपारी तिने मूळ कार्ड प्रतींच्या ओळीत ठेवलं, मागे सरकून पाहिलं, आणि तिलाच ते चटकन ओळखता येईना. तिला कोण आनंद झाला. पलीकडच्या टेबलावरच्या बाईला बोलावून तिने दाखवलं. त्या बाईने चुकीच्या कार्डावर बोट ठेवलं तेव्हा दोघी खूप हसल्या. मग आर्डिसने हाताला डिंक लागू नये म्हणून बोटांना रबरी टोप्या चढवल्या, सगळी गोळा केली, मूळ वाटलं ते एक मेणकागदात गुंडाळून बाजूला ठेवलं आणि कात्री घेतली.

बाजार शनिवारी होता. पेंढीची कार्डं सकाळीच संपली. कुणी एक नेलं, कुणी दोन. दुपारी आर्डिस घरी आली, मेणकागदातलं कार्ड पर्समध्ये टाकावं म्हणून तिने उचललं, आणि का कोण जाणे, नाकाशी नेलं.

त्याला कॉफीचा वास येत होता.

टोपी नसलेल्या उघड्या बोटाने तिने पाखरांवरून हात फिरवला. सगळं सपाट. खऱ्या कार्डावर पाखरांच्या छातीचा लाल रंग जाड होता, खडबडीत, बोटाला लागायचा. तो आता गावातल्या कुठल्या तरी घरी, लेस लावलेल्या कार्डावर डकवलेला होता. काठासकट, बोर्गहिल्डच्या नावासकट जे काही कात्रीखाली गेलं ते मंगळवारच्या कचऱ्यात गेलं होतं आणि कचऱ्याची गाडी केव्हाच येऊन गेली होती.

ती सांगायलाच गेली, हे खरं. कोट चढवला, अंगण ओलांडलं, स्वयंपाकघराच्या दारातून आत शिरली. व्हर्डेल लेफ्सेच्या, म्हणजे बटाट्याच्या, पोळ्या भाजत होती, हात पिठाने भरलेले. “आलीस? मला वाटलं आता ते कार्ड मला बाजारातून विकत आणावं लागतंय,” असं म्हणत तिने फडक्याला हात पुसले, कार्ड घेतलं, खिडकीत नेहमीच्या जागी ठेवलं आणि मान कलती करून बघत राहिली. आर्डिसने कोटाचं वरचं बटण काढलं आणि पुन्हा लावलं. व्हर्डेल म्हणाली, किती जपून वापरलंस गं. आर्डिसने लोणी लावलेली गरम लेफ्से खाल्ली आणि डोकं दुखतंय असं सांगून ती घरी आली.

रविवारी चर्चमध्ये ॲडव्हेंटची पहिली मेणबत्ती लागली. सगळ्यांबरोबर आर्डिसचेही ओठ हलले. सोमवारी सकाळी कॉफीच्या आधी ती रोजच्यासारखी बायबल-वाचनाची पुस्तिका घेऊन बसली, डोळे मिटले, आणि आत काहीच हललं नाही. विहिरीत दोर सोडावा आणि बादली कोरडीच वर यावी तसं झालं. व्हर्डेलला काही कळणार नाही, कुणालाच कळणार नाही; तिचं कामच इतकं चोख होतं. पण त्या चोखपणाचीच आता तिला शिसारी आली. तिने पुस्तिका मिटली आणि पुन्हा अंगण ओलांडलं.

या वेळी तिने दारातच सांगितलं, कोटसुद्धा न काढता. खिडकीतलं कार्ड माझं आहे, तुझ्या आईचं मी कापलं, बाजारात विकलं गेलं, कुणाकडे गेलं माहीत नाही. शनिवारी सांगायला आले होते, पण धीर झाला नाही.

व्हर्डेल खिडकीपाशी गेली. कार्डावरून तिने अंगठा फिरवला. मग ते उपडं घातलं. चुलीवरची किटली तिने बाजूला सरकवली.

“दोन दिवस मी याला गुड मॉर्निंग म्हणतेय,” व्हर्डेल म्हणाली.

“व्हर्डेल, मी—”

“यापुढे यायचं झालं तर पुढच्या दाराने ये. घंटी वाजव.”

ओल्स्टाडमध्ये पुढच्या दाराने पास्टर येतात, विमावाले येतात आणि शवपेटी बाहेर जाते. शेजारणीला पुढचं दार दाखवणं म्हणजे तोंडावर मारण्यापेक्षा वाईट. आर्डिस घरी आली, सिंकपाशी उभी राहून रडली. आणि आश्चर्य हे की त्याच संध्याकाळी प्रार्थना आली. दाराबाहेर काढलेल्या बाईला इतकं मोकळं वाटावं याची तिला लाजच वाटली.

बुधवारी सकाळी फोन वाजला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. “तुझी गाडी या थंडीत चालू होते का?” व्हर्डेलने विचारलं. मोतीबिंदू काढल्यापासून ती बर्फात गाडी चालवत नसे. आर्डिस हो म्हणाली. “मग काढ. कार्डं कुणी कुणी नेली ते तुला माहीत, आणि ती पाखरं माझ्या बोटांना माहीत.”

ती मागच्या सीटवर जाऊन बसली. टॅक्सीत बसावं तशी, पर्स मांडीवर घेऊन.

पहिलं घर पास्टरबाईंचं. त्यांच्या पियानोवर पेंढीचं कार्ड उभं होतं. व्हर्डेलने हातमोजा काढला, बोट फिरवलं, नाही म्हणून मान हलवली. पास्टरबाई गोंधळल्या, पण कॉफी दिल्याशिवाय त्या सोडणार नव्हत्या, आणि कॉफीबरोबर खजुराच्या वड्या. दुसऱ्या घरी फ्रिजवर कार्ड, चुंबकाखाली. तिथेही नाही, आणि तिथेही कॉफी. तिसऱ्या घरी दाराच्या चौकटीवर दोरा बांधून कार्डं ओळीने लटकवली होती, तिथे खुर्चीवर चढावं लागलं. कुठल्याही घरी, का बघताय असं विचारलं तर व्हर्डेल म्हणायची, सहज. आणि आर्डिस मान खाली घालून वडी खायची. गाडीत फक्त एकदा मागून आवाज आला, “वायपर लाव.”

चौथं घर सेल्मरचं. सेल्मर हा ब्रह्मचारी म्हातारा, बापाच्या शेतावर एकटाच राहायचा. गायी आता विकल्या होत्या, पण मोठं लाल कोठार अजून उभं होतं. त्याने कार्ड टेबलावर मीठदाणीला टेकवून ठेवलं होतं. व्हर्डेलने बोट फिरवलं. नाही.

सेल्मर म्हणाला, “चांगलं आहे हो चित्र. कुणाचं?”

“माझ्या आईचं,” व्हर्डेलच्या तोंडून गेलं.

“बोर्गहिल्डचं? शाळा झाडायची ती?” सेल्मरने भुवया वर नेल्या. “चिखलाचे बूट घालून आत आलो म्हणून तिने एकदा माझा कान असा पिळला होता, अजून डावीकडून कमी ऐकू येतं. तिने पाखरं काढली? काहीतरीच.”

मग मात्र व्हर्डेलचा पारा चढला. आर्डिसने तिला इतकं बोलताना क्वचितच ऐकलं होतं. काहीतरीच कसं, ती म्हणाली. त्या हिवाळ्याच्या आधी तुझ्या वडिलांनी हेच कोठार रंगवलं होतं. डबे मागच्या बाजूला टाकले होते. आईने विचारून ते नेले, तळाशी सुकलेला रंग चमच्याने खरवडला, टर्पेंटाइनमध्ये भिजवला आणि त्याच्यातून पाखरांच्या छात्या काढल्या. रात्रंदिवस लोकांच्या पायांचा चिखल पुसणाऱ्या बाईला कान पिळायला नाही तर काय गाणं म्हणायला सुचणार? हसायची ती. घरी हसायची. तुम्हाला दाखवायला तिच्याकडे फारसं उरायचं नाही, एवढंच.

सेल्मर खिडकीतून कोठाराकडे बघत राहिला. मग त्याने कार्ड उचललं, दूर धरून पाहिलं आणि म्हणाला, “आमचाच रंग की. मला बघताक्षणी कळायला हवं होतं.” थोड्या वेळाने तो म्हणाला, “कान मात्र जोरात पिळला होता, बाई.” आणि व्हर्डेलला हसू आलं. रागावून ठेवलेलं तोंड मधूनच उसवलं तसं.

गाडीपाशी आल्यावर तिने पुढचं दार उघडलं. मागे पायांना गार लागतं, म्हणाली.

त्यापुढच्या घरांमध्ये कुणी विचारायची ती वाट बघेना. बोट फिरवण्याआधीच सांगायची, हे माझ्या आईने काढलं, कोठाराच्या रंगाने. आपल्या माणसाची वाखाणणी आपणच करणं इथे शोभत नाही, त्यामुळे ती जरा घाईने, हवेबद्दल बोलावं तसं बोलायची. पण बोलायची. लहानपणी बोर्गहिल्डने आपल्याला हातमोजे दिले होते हे एका म्हातारीला आठवलं. कुणाचा विश्वास बसणार नाही म्हणून तिने ते कधी सांगितलंच नव्हतं. आर्डिस बाजूला बसून ऐकत होती. शाळेपासूनची मैत्रीण, पण यातलं निम्मं तिलाही माहीत नव्हतं. तिने कधी विचारलंच नव्हतं. चित्र तेवढं मागितलं होतं.

शेवटचं घर पेट्रोल पंपावरच्या युनिसचं. तिच्याकडे एक कार्ड होतं, तेही सपाट. व्हर्डेलने हातमोजा चढवला.

“दुसरं मी कर्टला पाठवलं,” युनिस म्हणाली. कर्ट तिचा मुलगा, अलास्कात मासेमारीच्या बोटींवर कामाला. “सोमवारीच पोस्टात टाकलं. विमानाने. गेल्या नाताळात त्याचा फोनसुद्धा नव्हता, म्हटलं मी तरी लवकर पाठवावं.” मग दोघींकडे बघून तिने काय ते ओळखलं आणि सांगितलं की आज-उद्या त्याला मिळेल, मिळालं की विचारते.

ते मिळायला आठवडा उलटला. तेवढ्या काळात व्हर्डेल एकदा सकाळी आपल्याच स्वयंपाकघराचं दार उघडून अंगणातल्या आर्डिसला म्हणाली, बर्फात उभी काय राहतेस, आत ये. पण दोघींनी कार्डाचा विषय काढला नाही.

युनिसचा निरोप आला तेव्हा दोघी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. टेबलावर फोन ठेवला होता आणि त्यातून कर्टचा जड, झोपाळू आवाज येत होता. युनिसने त्याला सांगितलं, पाखरांवरून बोट फिरव.

“बोटं कसली, लाकडं झालीत माझी,” कर्ट म्हणाला. मागे कुणीतरी पत्र्याचं काही ओढत होतं. “हं. खरखरीत आहे. रंगाचा थर आहे वाटतं. आणि मधल्या पाखराच्या छातीत एक केस अडकलाय. ब्रशचा असेल.”

व्हर्डेलने टेबलाची कड धरली.

“तो आमच्या गाईच्या शेपटीचा,” ती फोनकडे वाकून म्हणाली. “ब्रश कुठला असायला. तिने काडीला शेपटीचे केस बांधले होते. आमची गाय मागे उभी राहू देत नव्हती, मी तिचं तोंड धरलं होतं.”

पलीकडे कर्ट हसला. युनिसने तोंडावर हात ठेवला. तिने तो आवाज फार दिवसांत ऐकला नव्हता. तो म्हणाला, बिछान्याच्या वर लावलंय मी, इथे दुसरं काही नाहीये नाताळचं. पण तुमचं असेल तर उद्याच्या टपालाने पाठवतो, काळजी करू नका.

आर्डिसला वाटलं, आपण काही तरी बोलावं. पण हे तिच्या बोलण्याचं नव्हतं. व्हर्डेलच्या अंगठ्याचं पेर टेबलाच्या कापडावर मागेपुढे होत होतं.

“उद्या नको,” ती शेवटी म्हणाली. “कनूटच्या दिवसापर्यंत राहू दे तुझ्याकडे. मग पाठव. दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये घालून, आणि घडी घालू नकोस. आणि ऐक, बोटी हलतात, तर नीट टाचून ठेव.”

“टाचतो,” कर्ट म्हणाला. मग आईला म्हणाला, रविवारी फोन करतो.

बाहेर पडल्या तेव्हा नवा बर्फ पडत होता. आर्डिसने काच खरवडली, आत बसली, आणि किल्ली फिरवण्याआधी म्हणाली, “व्हर्डेल, ते आलं तरी काठ नसणार. खाली तिचं नाव होतं ते मी कापून टाकलंय. ते परत यायचं नाही.”

“माहीत आहे.”

“आणि टपालात हरवलं तर?”

“तर तू अलास्कापर्यंत गाडी चालवायची. मी पुढे बसेन.”

गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. पंपाच्या कोपऱ्यावर वळताना व्हर्डेल काचेतून बाहेर बघत होती. थोडं अंतर गेल्यावर तिने विचारलं, “मंगळवारी किती वाजता बसता तुम्ही?”

“नऊला.”

“तुम्ही कागद भिजवता ती कॉफी पितासुद्धा म्हणे.”

“दुसऱ्या भांड्यातली.”

“मी माझा थर्मास आणीन,” व्हर्डेल म्हणाली. “आणि पुढच्या वर्षी त्या प्रतींना छात्या रंगवायच्या, हाताने. सपाट पाखरं ही काय पाखरं झाली? सेल्मरला विचारून ठेव, कोठाराला रंग पुन्हा कधी देणार आहे.”